उजव्या हाताला माती

आप्पा, तुमच्या गावाला मी पहिल्यांदा आले ती तुमच्या दहाव्याला. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुला, चौफुल्याहून वडापच्या जीपनं भांडगाव. आठ वर्षं तुम्ही दर सोमवारी उलट्या दिशेनं हाच रस्ता कापून कामावर येत होतात आणि शनिवारी माघारी जात होतात, आणि एकदाही मी विचारलं नाही की किती वेळ लागतो. अडीच तास लागतात. त्यातला निम्मा वेळ चौफुल्याला उभं राहण्यात जातो.

कॅनॉलच्या कडेला बरीच माणसं होती. पिंड ठेवले आणि पाच मिनिटांत कावळा शिवला. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "मोकळा गडी. मागं काय ठिवलं न्हाई आप्पानं." मी मान हलवली. मला मात्र तुमच्याशी एका भिंतीबद्दल बोलायचं होतं, चार वर्षांपासून, आणि ते राहून गेलं होतं. कावळ्याला त्याचं काय.

बाईंनी विचारलं, "तू कुनाची?" मी म्हटलं, आप्पा ज्या सळया बांधायचे त्यांची ड्रॉइंगं मी काढते, शिरूरच्या ऑफिसात. "म्हंजी कॉम्प्युटरवाली तू व्हय," त्या म्हणाल्या. "त्यो सांगायचा तुझं." काय सांगायचात ते विचारायचा मला धीर झाला नाही.

मी ऑफिसात लागले तेव्हा डिप्लोमा होऊन तीन महिने झाले होते. हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, तीन ड्रॉइंग बोर्ड, साहेब, आणि शनिवारी दुपारी गावाला जायच्या आधी डोकावणारे तुम्ही. रांजणगावच्या एमआयडीसीत तेव्हा शेडांवर शेडं उभी राहत होती. काँक्रीटचं गणित साहेब करायचे. त्यात कुठली सळई कुठं, केवढी, कुठं वाकवायची, हे कागदावर काढायचं काम माझं. तो कागद साइटवर तुमच्या हातात जायचा आणि तुमची टोळी सळया कापून, वाकवून, तारेनं बांधायची. म्हणजे माझं चुकलं तर ते सगळ्यात आधी तुम्हाला दिसायचं, आणि तुम्हाला दिसलं की तुमच्याच्यानं गप्प बसवायचं नाही.

इंग्रजी तुम्ही वाचत नव्हतात. आकडे वाचायचात आणि रेघा वाचायचात. गुंडाळी काखेत मारून यायचात, माझ्या बोर्डावर पसरायचात आणि बोट ठेवायचात. "ही सळी इथं बसत न्हाई पोरी. तुझ्या कागदावर बसती फकस्त." पहिल्या वेळी मी तुम्हाला पुस्तकातला नियम दाखवला होता. तुम्ही तो मन लावून ऐकून घेतलात आणि म्हणालात, "ते बराबर हाय. पर बांधाया आत हात जायला पायजे का न्हाई?" हात गेला नसता. मी खोडून परत काढलं आणि त्या दिवशी कोणाशी धड बोलले नाही. रागावले की माझं नाक शेंड्याला लाल होतं, असं तुम्ही तुमच्या टोळीतल्या भिवाला सांगितलेलं मला नंतर कळलं.

साइटवर मला पाठवत नसत. साहेब म्हणायचे, "तू कशाला त्या धुळीत, त्या गड्यांत." चांगल्या मनानंच म्हणायचे. त्यामुळे मी काढलेली एकही भिंत मी हात लावून बघितलेली नव्हती. ती कशी झाली, कुठं अडली, हे मला तुमच्या तोंडून कळायचं. तुम्ही आला नाहीत तर तो शनिवार मला रिकामा रिकामा वाटायचा आणि मी ते कबूल करायचे नाही.

माती अडवणारी भिंत मला तुम्ही शिकवलीत. कॉलेजात शिकले होते, पण शिकले होते म्हणजे पेपर लिहिला होता. अशा भिंतीला एका अंगानं माती असते, दुसरं अंग मोकळं. माती ढकलते, भिंत मोकळ्या बाजूला झुकू बघते आणि मातीच्या अंगाला ताणली जाते. ताण काँक्रीटला सोसत नाही, सळईला सोसतो. म्हणून जाड सळया मातीच्या अंगाला, बारीक सळया मोकळ्या अंगाला. एवढीच गोष्ट. तुम्ही ती कंबर वाकवून, आपलीच पाठ आणि पोट दाखवून सांगितलीत, आणि शेजारच्या बोर्डावरचा कदम हसून हसून बेजार झाला.

मग तुमचा नियम सांगितलात. लहानपणी तुमच्या घरची मेंढरं होती. उभ्या पिकाच्या कडेनं मेंढरं न्यायची तर राखणारा पीक आणि मेंढरांच्या मधून चालायचा, पीक कायम उजव्या हाताला. "येकदा हात ठरला म्हंजी बांध वळूद्या न्हाईतर रस्ता वळूद्या, इचार करावा लागत न्हाई." भिंत बांधतानाही तुम्ही तेच करायचात. माती उजव्या हाताला धरून भिंतीच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरी मारायचात, आणि जाड सळयांवर मातीच्या अंगाला गेरूचं बोट ओढायचात. आपली मेंढरं दुसऱ्याच्या कळपात मिसळू नयेत म्हणून पाठीवर गेरू लावत होतात, तोच हा गेरू. टोळीत कोणी नवा बिहारी आला तरी त्याला भाषा लागायची नाही. गेरू दिसला की माती तिकडं.

मी तो नियम उचलला. बोर्डावर भिंत काढताना माती उजव्या हाताला धरून निघायचं. तुम्हाला मी तसं सांगितलं नाही.

मग सॉफ्टवेअर आलं. मला पुण्याला दहा दिवस शिकायला पाठवलं आणि परत आल्यावर एक खोली, एक पंखा आणि एक कॉम्प्युटर माझा झाला. त्यात भिंत काढणं म्हणजे माउसच्या दोन टिचक्या. जाडी आणि उंची आधीच सांगून ठेवायची. एक टिचकी जिथून निघायचं तिथं, दुसरी जिथं थांबायचं तिथं, की भिंत उभी. निघाल्याच्या टोकाला पिवळा ठिपका, थांबल्याच्या टोकाला गुलाबी. मग तिला सांगायचं, पहिल्या अंगाला या सळया, दुसऱ्या अंगाला त्या. पहिलं अंग कुठलं, ते तुम्ही कुठून कुठं गेलात यावरून मशीन ठरवतं. उलटीकडून गेलात की अंगं उलटतात. भिंत दिसायला तीच दिसते.

तुम्ही प्लास्टिकची खुर्ची ओढून माझ्या मागं बसलात आणि हे सगळं पाहिलंत. मला वाटलं नाक मुरडाल. तुम्ही म्हणालात, "ह्ये तर आपलंच हाय की. कुठनं निघाली ह्ये ह्याला बी सांगाया लागतंय." खूश झालात. त्या दिवशी भेळ तुम्ही आणलीत.

तिथून मात्र तुमचं एक टुमणं सुरू झालं. दर शनिवारी मागची खुर्ची, हातात चहाचा ग्लास, आणि प्रत्येक भिंतीला तोच प्रश्न: "पोरी, कुठनं निघालीस? माती कुठल्या हाताला?" पाच वेळा मी हसून उत्तर दिलं असेल. सहाव्या वेळेपासून मला ते टोचायला लागलं. ऑफिसात मी एकटी मुलगी. घरी वडिलांचं चाललेलं, दोन वर्षं कॉम्प्युटर बडवलास, आता स्थळं बघू दे. माझं चुकत नाही, एवढ्या एका गोष्टीवर माझं सगळं उभं होतं. आणि तुम्ही सगळ्यांसमोर विचारायचात.

ज्या दिवशी भांडण झालं त्या दिवशी पुण्याहून कारखान्याची माणसं आली होती. मी त्यांना पडद्यावर इमारत फिरवून दाखवत होते. माझा आवाज छान लागला होता. मागून तुम्ही म्हणालात, "पोरी, ही कुठनं निघाली?" त्यातला एकजण हसला. "मॅडम, तुमचं चेकिंग आजोबांकडं असतं वाटतं." आणि मी तुमच्याकडं वळून म्हटलं, "आप्पा, हे कॉम्प्युटरनं तपासलेलं असतं. तुम्ही कागदात आहे तसं बांधा. यात ढवळाढवळ करत जाऊ नका."

तुम्ही ग्लास खाली ठेवलात. "बरं," म्हणालात. "कागदात हाय तसं." पुढच्या शनिवारी आलात, चहा प्यायलात, कदमशी पावसापाण्याचं बोललात आणि गेलात. मला काही विचारलं नाहीत. मला बरं वाटलं, हे खोटं सांगण्यात अर्थ नाही.

त्यानंतरच्या पंधरवड्यातली ती मागची भिंत. उताराच्या जागेवरचा कारखाना. वर मालाचं आवार, खाली बारा-तेरा फुटांवर रस्ता, आणि मधे माती अडवणारी लांब भिंत. मी ती आधी तुमच्या नियमानं काढली होती. मग कारखान्यानं आवार थोडं वाढवायला सांगितलं, म्हणजे भिंत सहा फूट पुढं. मी ती पुसली आणि नव्यानं काढली. या वेळी डावीकडून उजवीकडं, आपण लिहितो तशी. मुद्दाम. तुमचा नियम मला आता नको होता, कारण तो तुमचा होता.

माती डाव्या हाताला आली, अंगं उलटली आणि ते माझ्या ध्यानात आलं नाही. जाड सळया मोकळ्या बाजूला गेल्या, बारीक मातीकडं. मी सळयांची संख्या तपासली, बरोबर. लांबी बरोबर. कापाकापीची यादी बरोबर. सळया एकमेकींत घुसतात का ते मशीननं तपासलं, एकही घुसत नव्हती. भिंत कापून दाखवणारा छेद तर मशीन आपणच काढून देतं, सुबक. चुकीची भिंत इतकी नीटनेटकी मी हातानं कधी काढू शकले नसते. साहेबांनी गडबडीत सही केली आणि कागद साइटवर गेला. पाया भरायला अर्धा दिवस उशीर झाला, मिक्सर बिघडला म्हणून तुम्ही कळवलंत, साहेब फोनवर चिडले. मला तेवढंच आठवतं.

दोन महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी कॉम्प्युटरमधून तीच भिंत उचलून घ्यायला गेले तेव्हा मला दिसलं. टेबलाखाली आईनं दिलेला डबा तसाच होता आणि मी पडद्याकडं बघत बसले होते. तोवर भिंत पुरी झाली होती, मागं माती भरून झाली होती, वर फरशी पडली होती. मी गणित करून पाहिलं. कोरड्या मातीला ती भिंत कशीबशी पुरत होती. ओल्या मातीला पुरत नव्हती.

मी कोणाला सांगितलं नाही. उद्या सांगू म्हटलं, मग सोमवारी, मग दिवाळी झाल्यावर. साहेब ओरडले नसते, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी माणसं लावून बघून घेतलं असतं. भीती ओरडण्याची नव्हती. "कॉम्प्युटरवालीचं चुकलं" हे वाक्य मला ऐकायचं नव्हतं, आणि सगळ्यात जास्त तुमच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

मग मी रविवारी त्या भिंतीला बघायला जायला लागले. घरी सांगायचे मैत्रिणीकडं जाते. गाडी कुंपणाबाहेर लावायची, एका ठरलेल्या दगडावर उभं राहायचं आणि भिंतीची कड पलीकडच्या दिव्याच्या खांबाला लावून बघायची. दोन्ही एका रेषेत आहेत तोवर ठीक. पावसाळ्यात जास्त वेळा जायचे. एकदा रजा घेऊन मधल्या वारी गेले तर दुपारची सुट्टी झालेली. पॅकिंगच्या बाया भिंतीच्या सावलीत, भिंतीला पाठ टेकून डबे खात होत्या. एकीनं मला हात करून बोलावलं, "या जेवायला." मी गाडीला किक मारली आणि निघून आले. त्या रात्री ताप आला होता. आला होता म्हणजे खरंच आला होता, थर्मामीटर लावला होता. दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनपर्यंत गेले आणि रजेचा अर्ज देऊन परत आले.

चार पावसाळे असे गेले. भिंत हलली नाही. ती का हलत नाही, याचा विचार करायला हवा होता. मी फक्त आता हलेल, आता हलेल, एवढंच धरून बसले होते.

मधे एकदा तुम्ही विचारलंत, तुम्हाला आठवत असेल. जिन्यात गाठ पडली, तुम्ही उतरत होतात. "पोरी, त्या मागच्या भितीचं काय म्हणती?" मी म्हटलं, "काय म्हणायचंय? उभी आहे." तुम्ही माझ्याकडं जरा वेळ बघितलंत आणि म्हणालात, "उभीच ऱ्हाणार ती." आणि उतरून गेलात. मी त्याचा अर्थ लावला की तुम्हाला कळलंय आणि तुम्ही मला डिवचताय. पुढचे दोन शनिवार मी तुम्ही यायच्या वेळेला झेरॉक्सला गेले.

दहाव्याचं जेवण झाल्यावर भिवा माझ्याजवळ येऊन बसला. तुमच्या हाताखाली पंधरा वर्षं काढलेला माणूस, बोलायला काहीतरी हवं म्हणून कामांच्या आठवणी काढत होता. पाटसच्या गोदामावर तुम्ही कसे सळईवरून घसरलात, कुठल्या साइटवर साप निघाला. मग म्हणाला, "आन् ती रांजणगावची मागची भित. त्या भितीनं लई घाम काढला ताई. दोन दिस बांधलेलं समदं सोडाय लावलं आप्पानं."

मी विचारलं, "का सोडलं?"

"आता का. दुसऱ्या दिशी सकाळी पायाचं काँक्रीट. समदं तयार. आदल्या सांजंला आप्पा आला, भितीच्या कडंनं एक फेरी मारली, हुबा ऱ्हायला. म्हनला, सोडा. जाडी हिकडं घ्या, बारकी तिकडं. मी म्हनलो, आप्पा, कागदात तर असंच हाय. तर म्हनला, कागद बगितलाय मी, सोड तू. पोरं तर निस्ती तनतन करत हुती. मग सकाळी मिक्सर बिगाडला म्हनून फोन केला आन् दुपारपत्तुर परत बांधलं."

"मला फोन का नाही केला?"

भिवानं जरा इकडंतिकडं बघितलं. "मी म्हनलो हुतो, ताईला इचारू का. तर म्हनला, नगं. तिनं सांगितलंय, ढवळाढवळ करू नका. आता ढवळलंय, ते तिला कशाला कळू द्यायचं." आणि तो हसला, मग त्याला आपण कुठं बसलोय ते आठवलं आणि त्यानं हसू आवरलं. "गेरू बी लावला हुता," म्हणाला. "मातीच्या अंगाला. नेहमीसारा."

आप्पा, मला आधी राग आला. आभार नंतर. चार वर्षं. तुम्ही जिन्यात जे म्हणालात त्यात आणखी दोन शब्द घातले असते तर माझी चार वर्षं वाचली असती. परतीच्या वडापमध्ये मी तुमच्याशी कडाकडा भांडत आले, मनातल्या मनात. तुमचंही चुकलंय, हे मी आता स्पष्ट सांगते. भिंत एक आणि कागद दुसरा, असं ठेवून तुम्ही निघून गेलात. उद्या तो कागद धरून कोणी त्या भिंतीला भोक पाडलं असतं, कोणी पुढं वाढवली असती, तर? तुम्ही मला येऊन सांगायला हवं होतं. मी ओरडले असते. ओरडू द्यायचं होतं.

न्हावरं मागं पडेपर्यंत हे चाललं. मग माझ्या लक्षात आलं की हे सगळं मी त्या माणसाला सांगतेय ज्याला मी चार माणसांत गप्प बसवलं होतं. तुम्ही मी सांगितलं तेवढं ऐकलंत. ढवळाढवळ केली नाहीत, निदान मला दिसेल अशी.

आणि दुसरी गोष्ट शिरूर आल्यावर कळली. भिंत बरोबर निघाली म्हणून मी सुटत नव्हते. मला ती चुकीची आहे असं वाटत होतं आणि तरी मी त्या बायांना तिथं बसू दिलं होतं. ते तुमच्या गेरूनं पुसलं जात नाही.

सोमवारी मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "चार वर्षं?" म्हणाले. मग म्हणाले, "भिवा म्हणतो म्हणून सोडता यायचं नाही. उघडून बघावं लागेल. चल." मला म्हणाले, चल. आठ वर्षांत पहिल्यांदा.

शुक्रवारी आम्ही गेलो. भिवा छन्नी-हातोडा घेऊन आला होता. जवळून ती भिंत मला वाटली होती त्याहून उंच होती, आणि काँक्रीटवर फळ्यांच्या रेघा तशाच दिसत होत्या. मोकळ्या अंगाला, बुडापासून हातभर वर, साहेबांनी खडूनं चौकोन काढला. भिवा हळूहळू फोडत गेला. जाड सळई निघाली असती तर माझं चुकलेलं तसंच बांधलं गेलं असतं आणि भिवाच्या बोलण्याला काही अर्थ राहिला नसता. मी दुसरीकडं बघत उभी होते. सगळ्या बाया लांब उभ्या राहून बघत होत्या, त्यांची जेवायची जागा आम्ही अडवली होती.

"बारकी हाय," भिवा म्हणाला.

साहेबांनी वाकून मोजली. दहा एमएमची. उठून त्यांनी हात झटकले, भिवाला म्हणाले, "बुजव." गाडीत बसल्यावर म्हणाले, "आजपासून तुझं प्रत्येक ड्रॉइंग दुसरं कोणीतरी तपासेल. वर्षभर." मी म्हटलं, "हो." मला ते कमी वाटलं. मग रडू आलं. त्यांनी काच खाली केली आणि रस्त्याकडं बघत राहिले.

आता प्रत्येक भिंतीच्या मातीच्या अंगाला मी एक जाड तांबडी रेघ काढते. ती रेघ काय आहे, असं पुण्याचे लोक विचारतात. मी सांगते, माती. रंग कुठून आला ते सांगत नाही. शनिवारी दुपारी तुमची खुर्ची कदम घेतो आणि मागून विचारतो, कुठून निघालीस. त्याला तुमच्यासारखं विचारता येत नाही, पण मी उत्तर देते.

काल जुन्या सीडीतून ती मागची भिंत काढली. चार वर्षं ती तिथं उलटी पडून होती. टोकं अदलाबदल करायची एक आज्ञा असते, एक टिचकी लागते. पिवळा ठिपका गुलाबीच्या जागी गेला, गुलाबी पिवळ्याच्या. जाड सळया मातीकडं गेल्या. पडद्यावर भिंत आधी दिसत होती तशीच दिसली. बदलाच्या रकान्यात मी लिहिलं, जागेवर बांधल्याप्रमाणे. कोणी सुचवलं त्या रकान्यात तुमचं नाव लिहिलं. साहेबांनी ते वाचलं आणि सही केली.

त्या भिंतीचं काय म्हणती, असं तुम्ही जिन्यात विचारलं होतंत. माझं चुकलं होतं, आप्पा. उलटीकडून निघाले होते.